जहाजावरचा मोबाईल आणि घरचा हिशेब



आजचा विषय वाचून तुमच्यापैकी पुष्कळजण हसतील. मूर्तिजापूर कुठे आणि समुद्र कुठे! आपल्या स्टेशनावरून मुंबईची गाडी धरली तर सहाशे किलोमीटरांच्या वर जावे, तेव्हा कुठे समुद्राचा वारा अंगाला लागतो. नाही म्हणायला खारे पाणी आपल्याला नवे नाही. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात ते विहिरीतूनच वर येते. पण जहाज, त्यावरचा प्रवास आणि त्या प्रवासात मोबाईल वापरण्याचा खर्च, याच्याशी कास्तकाराच्या घराला काय करायचे आहे, असे कोणी विचारील.

करायचे आहे. दिवस बदलले आहेत. बियाणे आणि खते विकणाऱ्या दुकानदारांना कंपन्या सहलीला नेतात, आणि त्यात कधीकधी जहाजाची फेरी असते. पुण्या-मुंबईला नोकरीला लागलेला मुलगा हौसेने आईवडिलांना गोव्यापर्यंत समुद्रातून फिरवून आणतो. आणखी एखाद्या घरचा मुलगा जहाजावर स्वयंपाकी म्हणून, नाहीतर खोल्या आवरण्याच्या कामावर लागलेला असतो. यांपैकी कोणतीही गोष्ट तुमच्या घरी घडली, की हातातला मोबाईल सोबत जाणार. तो मोबाईल समुद्रात गेल्यावर कसा वागतो हे ठाऊक नसले, तर सहलीपेक्षा फोनचे बिल मोठे व्हायचे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा तो प्रकार.

आपल्या राज्यात ही जहाजे आता दूरची गोष्ट राहिलेली नाही. २०१८ साली ऑक्टोबर महिन्यात मुंबई ते गोवा असे आंग्रिया नावाचे प्रवासी जहाज सुरू झाले होते. मराठ्यांचे दर्यासारंग कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचे नाव त्याला दिले होते. ते पुढे बंद पडले. २०२१ च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीचे एम्प्रेस हे मोठे जहाज मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागले. २०२५ च्या सप्टेंबरात मुंबई बंदरात प्रवासी जहाजांसाठी नव्या मोठ्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. आपली विदर्भ एक्सप्रेस ज्या शिवाजी महाराज टर्मिनसला जाऊन थांबते, तेथून हे बंदर जवळच आहे. तेव्हा मूर्तिजापूरचा माणूस रात्री गाडीत बसला, तर दुसऱ्या दिवशी जहाजावर असू शकतो.

आता मुद्द्याकडे येऊ. मोबाईल चालतो कशावर? गावाच्या कडेला उभ्या असलेल्या टॉवरवर. तुमचे बोलणे फोनमधून त्या टॉवरकडे जाते आणि तेथून तारेने किंवा दुसऱ्या टॉवरमार्फत पुढे सरकते. समुद्रात टॉवर उभा करायला जमीन नाही. किनाऱ्यावरच्या टॉवरचा जोर काही मैल पाण्यावर पोहोचतो आणि मग संपतो. जहाज किनारा सोडून आत गेले, की फोनवरच्या रेघा एक-एक करून कमी होतात आणि पुसल्या जातात.

येथपर्यंत कोणाचेच नुकसान नाही. रेघा गेल्या तर फोन मुका झाला, एवढेच. खरी गोम पुढे आहे. पुष्कळशा मोठ्या प्रवासी जहाजांवर एक लहानसा टॉवर बसवलेला असतो. जहाज किनाऱ्यापासून पुरेसे दूर गेले, की तो सुरू करतात. तुमचा फोन बिचारा भुकेल्या वासरासारखा. आपली गाय दिसेनाशी झाली, की जी समोर येईल तिच्याकडे धावायचे. तो तुम्हाला न विचारता जहाजाच्या टॉवरला जाऊन चिकटतो. रेघा पुन्हा भरलेल्या दिसतात आणि आपल्याला वाटते, वा, समुद्रातसुद्धा रेंज आहे! अशा वेळी माणूस घरी फोन लावतो, नातवंडांना जहाज दाखवतो, पाण्याचे फोटो पाठवतो. रेघा भरलेल्या असतात खऱ्या, पण त्या परक्याच्या असतात.

हे परकेपण समजायला मूर्तिजापूरकराला लांब जायला नको. आपली शकुंतला आठवा. मूर्तिजापूरहून एका बाजूला यवतमाळला आणि दुसऱ्या बाजूला अचलपूरला जाणारी ती छोटी गाडी. डबे सरकारी रेल्वेचे, गार्ड आणि ड्रायव्हर सरकारी, तिकीटही सरकारी. पण खालचे रूळ मात्र एका खाजगी कंपनीच्या मालकीचे. ती कंपनी इंग्रजांच्या काळातली. देश स्वतंत्र झाल्यावरही आपली रेल्वे तिचे रूळ वापरीत राहिली आणि वापराचे पैसे तिला मिळत राहिले. गाडी आपली दिसली तरी रूळ दुसऱ्याचे होते. जहाजावरच्या फोनचे तसेच आहे. फोन तुमचा, सिम तुमचे, नंबरही तुमचा. पण खालचा रूळ जहाजाला टॉवर पुरवणाऱ्या कंपनीचा. तुम्ही बोललात की त्या कंपनीचे भाडे तुमच्या मोबाईल कंपनीकडे मागितले जाते, आणि तुमची कंपनी ते तुमच्याकडून वसूल करते.

हे भाडे इतके जास्त का? तर जहाजाच्या टॉवरला जमिनीची तार जोडता येत नाही. तेथून बोलणे आकाशातल्या उपग्रहाकडे जाते, उपग्रहाकडून जमिनीवरच्या केंद्रात उतरते आणि मग तुमच्या घरी पोहोचते. जुन्या पद्धतीचे दळणवळण उपग्रह जमिनीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. आपल्या देशातले अशा कामाचे पहिले मोठे जमिनीवरचे केंद्र महाराष्ट्रातच झाले होते. १९७१ साली पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या आर्वी येथे. (वर्धा जिल्ह्यातली आपली आर्वी ती वेगळी.) आता खालून फिरणारे नवे उपग्रह आले आहेत आणि जहाजावरचे इंटरनेट पूर्वीपेक्षा वेगवान झाले आहे. तरी समुद्रातले बोलणे गावातल्या बोलण्याइतके स्वस्त झालेले नाही.

आणखी एक शंका येईल. मुंबई आपली, गोवा आपला, मधला समुद्रही आपला. मग परदेशाचा दर कसा? ऐका. १९७६ सालच्या कायद्याने आपल्या देशाची सागरी हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत आहे. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. म्हणजे सगळी हद्द साधारण २२ किलोमीटरांची. मूर्तिजापूरहून कारंजा लाडला जाण्याइतकेही ते अंतर नाही. ताशी पंधरा-वीस सागरी मैल चालणारे जहाज ही रेघ थोड्याच वेळात ओलांडते. त्यापलीकडे जहाजाचे जाळे चालू झाले, की तुमच्या मोबाईल कंपनीच्या वहीत तुम्ही घर सोडून परक्याच्या दारी गेलेले असता, मग जहाज गोव्याला जाणारे का असेना. भारताच्या हद्दीत जहाजावर अशी सेवा द्यायची तर परवाना लागतो, आणि त्याचे नियम केंद्र सरकारने २०१८ च्या डिसेंबरात काढले. पण परवाना असो वा नसो, ग्राहकाने एकच धरून चालावे. जहाजाचा टॉवर म्हणजे आपला टॉवर नव्हे. भारतभर मोफत बोलण्याचा आपला रिचार्ज तेथे लागू आहे, असे मनाशी ठरवून बसू नये.

आता घरचा हिशेब मांडू. जहाजावरच्या बोलण्याचा दर प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो आणि तो बदलतही असतो, म्हणून येथे आकडा छापीत नाही. केवळ हिशेबासाठी मिनिटाला २०० रुपये धरा. घरी रोज दहा-दहा मिनिटे चार दिवस बोललात, तर चाळीस मिनिटे झाली. चाळीस गुणिले दोनशे, झाले ८,००० रुपये. २०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारने लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये क्विंटल असा हमीभाव जाहीर केला. म्हणजे चाळीस मिनिटांच्या गप्पांत एक क्विंटल कापूस उडाला. तो पेरणी, निंदण, फवारणी, वेचणी करून घरात आलेला कापूस! आणि जेवण झाले का, बैलाला पाणी पाजले का, एवढेच त्या गप्पांत विचारलेले असते.

येथे दोन गोष्टी विशेष ध्यानात ठेवा.

पहिली अशी, की अशा ठिकाणी आलेल्या फोनचेही पैसे लागतात. आपल्याकडे येणारा फोन फुकट असतो, म्हणून घरचे लोक निश्चिंतपणे लावतात. जहाजावर तसे नाही. तुम्ही उचलला, की तुमच्या नावावर मिनिटे मोजली जातात. लावणाऱ्याला त्याची गंधवार्ता नसते.

दुसरी गोष्ट अधिक वाईट. आजचा फोन न बोलताही खर्च करतो. तो खिशात असला तरी व्हॉट्सॲपचे निरोप उतरवून घेतो, फोटो कुठेतरी साठवायला पाठवतो, ॲप स्वतःहून नवे करतो. हे सगळे इंटरनेटवर चालते आणि जहाजाच्या टॉवरवरून चालले तर त्याचेही पैसे. गळक्या माठासारखे आहे. रात्रभर आवाज होत नाही, सकाळी मात्र माठ रिकामा. २००८ साली अमेरिकेत एका प्रवाशाने जहाजावर बसून लॅपटॉपवर फुटबॉलचा सामना पाहिला. जहाज अजून बंदरातच उभे होते. त्याला वाटले, आपण किनाऱ्याच्याच जाळ्यावर आहोत. पण लॅपटॉपचे कार्ड जहाजाच्या टॉवरला जोडले गेले होते. बिल आले २७ हजार डॉलरांच्या वर. बोभाटा झाल्यावर कंपनीने त्यातले बहुतेक माफ केले, ही गोष्ट निराळी. पण सर्वांचेच बिल वर्तमानपत्रात गाजत नाही. बंदरात जहाजाचा टॉवर सहसा बंद ठेवतात. तरी ‘सहसा’ या शब्दावर आपले पैसे सोडू नयेत.

मग उपाय काय? उपाय सोपा आहे आणि फुकट आहे. प्रत्येक मोबाईलमध्ये विमानाच्या चित्राचे एक बटण असते. स्क्रीन वरून खाली ओढली की ते दिसते. ते दाबले, की फोनचा बाहेरच्या सगळ्या टॉवरशी संबंध तुटतो. मग तो स्वतः कोणालाही लागत नाही आणि त्याला कोणी लागत नाही. घड्याळ चालते, गजर वाजतो, फोटो निघतात, भरून ठेवलेली भजने ऐकता येतात. फक्त टॉवरची वाट बंद होते. बटणावर चित्र विमानाचे असले तरी जहाजावर ते तितकेच उपयोगी.

नुसते इंटरनेट बंद केले तर चालेल का, असे विचाराल. अर्धेच चालेल. त्याने फोटो आणि निरोप थांबतील, पण येणारा-जाणारा फोन थांबणार नाही. ‘डेटा रोमिंग’ नावाचे बटण बंद केले तरी तेच. दोन्ही वाटा बंद करायच्या तर विमानाचेच बटण दाबावे.

आता घरून निघाल्यापासून क्रमाने काय करायचे ते सांगतो. हे कापून ठेवावे.

घरी असताना आपल्या मोबाईल कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावा आणि स्पष्ट विचारा, “माझ्या नंबरवर जहाजावरची सेवा चालू आहे काय? असल्यास बोलण्याचा, आलेल्या फोनचा आणि इंटरनेटचा दर काय?” परदेशासाठी पॅक घेतला असेल तर पुन्हा विचारा, “या पॅकमध्ये जहाज येते काय?” देशांची नावे असलेल्या पॅकमध्ये जहाज बहुधा धरलेले नसते. सिंगापूरचा पॅक सिंगापूरच्या जमिनीवर चालेल, पण जहाज बंदर सोडून निघाले की तो पॅक किनाऱ्यावरच राहील. विचारायला संकोच करू नका. भीड ही भिकेची बहीण.

तुमचे सिम आधी पैसे भरण्याचे असेल, तर नुकसान फार तर शिलकीइतके होईल, आणि परदेशी सेवा मुद्दाम सुरू केलेली नसेल तर पुष्कळदा फोन जहाजाच्या टॉवरवर चालणारच नाही. पण महिन्याच्या शेवटी बिल येणारे सिम असेल तर जास्त जपा. त्यात पैसे संपले म्हणून फोन बंद पडत नाही. बिल मागाहून येते. नोकरीवाल्या मुलाने आपल्या कुटुंब योजनेतले सिम आईवडिलांना दिलेले असते, ते बहुधा या दुसऱ्या जातीचे. मुलांनो, तुमच्या नावावर येणारे बिल आहे. आईला ते बटण तुम्हीच दाखवा. एकदा नव्हे, तिच्या हाताने चार वेळा करून घ्या.

मुंबईला बंदरावर पोहोचलात की घरी शेवटचा फोन करा. जहाजावर चढलात, सामान खोलीत ठेवले, जहाज हलायच्या आत विमानाचे बटण दाबा. किनारा दिसेनासा होईपर्यंत थांबू नका. डेकवरची गंमत पाहण्यात हे काम हमखास राहून जाते. प्रत्येकाचा फोन तपासा. घरात चार फोन असतील तर चारही. लहान मुलांच्या हातातला खेळण्याचा फोन विसरू नका, कारण खेळसुद्धा इंटरनेट ओढतात.

चुकून बटण दाबायचे राहिले, तर फोनच्या वरच्या कोपऱ्यात पाहा. जिओ, एअरटेल, व्ही किंवा बीएसएनएल या नावांच्या जागी इंग्रजीत ‘सेल्युलर ॲट सी’ किंवा ‘टेलिनॉर मेरिटाईम’ असे काही परके नाव दिसले, अथवा ९०१ ने सुरू होणारा आकडा दिसला, तर फोन जहाजाच्या टॉवरवर गेला असे समजा. ९०१ हा आकडा कोणत्याही एका देशाचा नाही. समुद्रातल्या आणि आकाशातल्या अशा जाळ्यांना तो दिलेला आहे. दिसला की लगेच बटण दाबा.

गोव्याला किंवा कोचीला जहाज धक्क्याला लागले आणि तुम्ही जमिनीवर पाय ठेवलात, की बटण काढा. कोपऱ्यात आपल्या कंपनीचे नाव आले याची खात्री करा आणि मग घरी पोटभर बोला. तेथे आपला नेहमीचा रिचार्ज चालतो. लक्षद्वीपही भारतातच आहे. कोचीहून तेथपर्यंत समुद्राच्या तळातून १,८६८ किलोमीटरची तार टाकली गेली आणि २०२४ च्या जानेवारीत तिचे उद्घाटन झाले. तेव्हा बेटावर उतरल्यावरही फोन करता येतो. मात्र आपल्या कंपनीचा टॉवर त्या बेटावर आहे काय, हे आधी विचारून घ्या. परत जहाजावर चढताना मात्र पुन्हा तेच बटण. चपला काढून देवळात शिरतो तसे हे अंगवळणी पडले पाहिजे.

जहाजावर असताना बोलायचेच असेल तर? बहुतेक जहाजांवर वायफाय विकत मिळते. विमानाचे बटण दाबलेले असतानाही वायफाय वेगळे सुरू करता येते. त्याचे पैसे दिवसाचे किंवा सगळ्या प्रवासाचे एकदम ठरलेले असतात, म्हणून अचानक बिल फुगण्याची धास्ती कमी. घेण्याआधी चार प्रश्न विचारा. किती दिवसांचे? किती फोनांना चालेल? व्हॉट्सॲपवर बोलता येईल की फक्त लिहिता येईल? कर धरून एकूण किती? चौघांनी चार घेण्याऐवजी एकाने घेऊन सगळ्यांचे निरोप एका फोनवरून पाठवावेत. दोन-तीन दिवसांची सहल असेल तर ते न घेताही काही बिघडत नाही.

जहाजावर आपली माणसे एकमेकांपासून हरवतील ही काळजी असते. जहाज मोठे, मजले पुष्कळ, आणि फोन बंद. त्याला जुनाच उपाय आहे. लाखपुरीच्या यात्रेत आपण काय करतो? चुकामूक झाली तर अमुक झाडाखाली यायचे, असे आधी ठरवतो. जहाजावरही जेवणघराचे दार किंवा जिन्याची जागा ठरवा, आणि वेळ ठरवा. खोलीत जहाजाचा अंतर्गत फोन असेल तर त्याचे नंबर चिठ्ठीवर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवा.

कोणी म्हणेल, फोन बंद करून समुद्रात जायचे, आणि संकट आले तर? हा प्रश्न रास्त आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला जाणारी रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. सकाळी घडलेला अनर्थ मुंबईला कळला तो काहीजण पोहत किनाऱ्याला लागले तेव्हा, संध्याकाळी. आज तसे नाही. मोठ्या प्रवासी जहाजांवर संकटाची खबर देणारी यंत्रे आंतरराष्ट्रीय नियमांनी सक्तीची आहेत, आणि ती कप्तानाच्या ताब्यात असतात. तुमच्या खिशातल्या मोबाईलवर जहाजाची सुरक्षा अवलंबून नाही. जहाज निघताना जीवरक्षक जाकिटाची आणि जमण्याच्या जागेची माहिती देतात, ती मात्र नीट ऐका. मोबाईलपेक्षा ती कामाची. आणि खरोखर जिवावर बेतले, कोणी आजारी पडले, तर पैशाकडे न पाहता फोन करा. काटकसर वेळ पाहून करायची असते.

आता घरी मागे राहणाऱ्यांसाठी, आणि माझ्या मते हाच या सगळ्यातला मोठा भाग. पैसे वाचवायला एक बटण पुरते. पण म्हाताऱ्या आईच्या जिवाची उलाघाल त्या बटणाने थांबत नाही. हल्ली आपल्याला सवय लागली आहे. दिवसातून चार वेळा फोन. एक वेळ लागला नाही, की मन नको तिकडे धावते. “तुम्ही संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती...” हे शब्द ऐकून रात्र जागून काढणारी घरे आहेत. तेव्हा निघण्यापूर्वी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा. जहाजाचे नाव काय, ते केव्हा सुटणार, कोणत्या दिवशी कोणत्या बंदराला लागणार, फोन केव्हा येईल, जहाज कंपनीच्या कार्यालयाचा नंबर कोणता. आणि तोंडानेही सांगा, “माय, मंगळवारी दुपारी गोव्याले उतरलो का फोन करतो. तोवर फोन लागणार नाही, तू घाबरू नको.” एवढे एक वाक्य आधी सांगितलेले असले, तर न लागणारा फोन काळजीचा राहत नाही. तो ठरल्याप्रमाणे बंद असलेला फोन असतो.

फोन बंद असताना बँकेचा ओटीपी येणार नाही, हेही लक्षात घ्या. पीक कर्जाचे काम, विम्याचा हप्ता, एखाद्या अर्जाची शेवटची तारीख असेल तर निघण्यापूर्वी उरकून घ्या. शेतावरच्या माणसाला मजुरीचे पैसे रोख देऊन जा.

आणि एक सावधगिरी. तुम्ही बाहेर आहात आणि फोन लागत नाही, ही संधी साधणारे ठग असतात. घरी फोन येईल, “तुमचा मुलगा जहाजावर पकडला गेला,” किंवा “तुमच्या वडिलांना दवाखान्यात हलवले, ताबडतोब पैसे पाठवा.” इकडून फोन लागत नाही, म्हणून घरचे घाबरतात आणि पैसे धाडतात. असा फोन आला तर भिंतीवरचा कागद पाहा, त्यावरच्या कार्यालयाच्या नंबरला स्वतः फोन लावा. पैसे गेलेच तर विलंब न लावता १९३० या सरकारी नंबरवर तक्रार नोंदवा. जितकी लवकर नोंदवाल तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

ज्यांचा मुलगा जहाजावर कामाला आहे, त्या आयाबापांना वेगळे सांगायचे आहे. त्याचा प्रवास दोन दिवसांचा नाही, महिनोन्‌महिन्यांचा. तो जहाजाचे इंटरनेट घेऊन किंवा बंदरात उतरून बोलेल. त्याची पाळी कधी रात्री, कधी पहाटे. जहाज पुढे सरकले की घड्याळही पुढे-मागे होते. तुम्ही त्याच्या सिमवर वरचेवर फोन लावू नका. लागला तर बिल त्याचे, न लागला तर घोर तुमचा. त्याच्याशी एक वार ठरवा आणि त्याच्या आगेमागे दोन दिवसांची सूट ठेवा. समुद्र खवळला, पाळी बदलली, तर एक दिवस मागेपुढे होणारच. निरोप लिहून किंवा बोलून व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा; त्याला इंटरनेट मिळाले की तो ऐकेल. दिवसभर काम करून खोलीत आलेल्या पोराला आईचा आवाज ऐकायला मिळणे मोलाचे असते. तो आवाज दोन दिवस जुना असला तरी चालतो.

एवढी काळजी घेऊनही मोठे बिल आलेच, तर घाबरून मुकाट्याने भरू नका. प्रथम कंपनीच्या ग्राहक सेवेकडे तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या जाळ्यावरून वापर झाला याचा तपशील मागा. समाधान झाले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील करता येते. तेथेही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे; आपल्यासाठी तो अकोल्याला. टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालतात की नाही यावर पूर्वी वाद होता. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये निकाल दिला, की ग्राहकाला तेथे जाता येते. मात्र वापर खरोखर झालेला असेल आणि दर आधी कळवलेला असेल, तर तक्रारीत जोर राहत नाही. म्हणून बटण दाबणे हेच खरे.

तर बंधु-भगिनींनो, मुला-सुनेने तिकीट काढून दिले असेल तर अवश्य जा. आयुष्यभर काळी माती पाहिलेल्या डोळ्यांनी एकदा निळे पाणी पाहावे. तेथे पाणी पाहा, सूर्य बुडताना पाहा, आणि शेजारी बसलेल्या कारभारणीशी दोन शब्द बोला. पेरणी ते वेचणी या धांदलीत ते बोलणे बहुधा राहूनच गेलेले असते. गावाकडच्या खुशालीचा फोन गोव्याच्या धक्क्यावर उतरल्यावर करता येईल. तोवर कागद घराच्या भिंतीवर आणि फोन खिशात बंद असू द्या.